मृत्युनोंदींच्या जालीय सूच्या : एक परीक्षण

१

गेल्या कांहीं वर्षांत आमच्याकडे तपासणीस येणाऱ्या टिपणांत एक नवा आधार दिसूं लागला आहे. पूर्वीं मृत्युतिथीपुढें अमक्या दप्तरांतील शकावली, अमक्या क्षेत्रोपाध्यायांची वही किंवा अमकें अस्सल पत्र असा निर्देश असे. हल्लीं तेथें पुष्कळदां एकाद्या संकेतस्थळाचें नांव असतें, आणि त्यापुढें कांहींच नसतें. मूळ नोंद कोणत्या बाडांतली, कोणत्या पानावरची, कोणत्या लिपींतली, ती कोणीं व केव्हां लिहिली, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर टिपणकारास देतां येत नाहीं; कारण त्यानें नोंद पाहिलेलीच नसते, नोंदीची सूची पाहिलेली असते. मृत्यूची तारीख ही संशोधनांत मोठी कामाची वस्तु आहे. तिच्यावर सनदेचा खरेखोटेपणा ठरतो, वंशावळींतली पिढी ठरते, एकाच नांवाचे दोन पुरुष निराळे करतां येतात. अशा वस्तूचा आधार कच्चा राहिला तर तिच्यावर उभारलेलें सारेंच डळमळूं लागतें. म्हणून सार्वजनिक मृत्युनोंदींच्या ज्या सूच्या आज घरबसल्या पाहतां येतात त्यांचें, एकाद्या नव्या ग्रंथाचें करावें तसें, परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२

या साधनांचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग इंग्रजी अमदानींतील ख्रिस्ती दफननोंदींचा. कंपनीच्या व पुढें सरकारच्या पाद्र्यांकडून बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. बंगालच्या एन/१, मद्रासच्या एन/२ व मुंबईच्या एन/३ या क्रमांकाखालीं. मुंबईचा ओघ १७०९ पासून १९४८ पर्यंतचा आहे. यांतील मोठा भाग २०१४ सालीं एका व्यापारी संकेतस्थळावर आला. १९९८ सालीं निघालेल्या 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' या संस्थेच्या स्वयंसेवकांनीं विनामूल्य सूच्या केल्या आहेत. अमेरिकेंत यूटा येथें १८९४ सालीं स्थापन झालेली व १९३८ पासून सूक्ष्मपटावर नकला घेणारी जी वंशावळ-संस्था, तिच्या 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर हिंदुस्थानांतील मृत्यु व दफनें यांची १७१९ ते १९४८ पर्यंतची वेगळी सूची आहे.

दुसरा वर्ग आमच्या वाचकांस अधिक जवळचा आहे. खेड्यांतील जन्ममृत्यूचें नोंदपुस्तक, म्हणजे गांव नमुना नंबर १४, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात, तें आजवर तहसिलीच्या अभिलेखकक्षांत रुमालांत बांधलेलें पडून होतें. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां हीं पुस्तकें उघडलीं गेलीं आणि त्यांतील पानांच्या प्रतिमा निरनिराळ्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. परंतु मोडी वाचणारा मनुष्य पाहिजे अशी हांक त्या वेळीं जिल्ह्याजिल्ह्यांतून उठली, ही गोष्ट या लिपीच्या जुन्या सेवकांस समाधान देणारी होती, हें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

तिसरा वर्ग तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचा. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे पट यूटाच्याच संस्थेनें घेतले असून त्यांच्या प्रतिमा तिच्या संकेतस्थळाच्या संग्रहांत आहेत. चौथा वर्ग चालू सरकारी नोंदणीचा. ती १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याखालीं चालते, आणि त्या कायद्याची २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलांत आल्यावर सर्व देशाच्या नोंदी एका ठिकाणीं जमा होण्याची तजवीज झाली आहे.

या साधनांचा उपकार मानला नाहीं तर कृतघ्नपणा होईल. ज्या बाडांसाठीं पूर्वीं समुद्र ओलांडावा लागे, किंवा ज्या रुमालासाठीं कचेरींत आठवडेच्या आठवडे खेटे घालावे लागत, तीं आज जुन्नरच्या किंवा सावंतवाडीच्या संग्राहकास आपल्या ओसरीवर बसून पाहतां येतात. वाळवीनें अर्धें खाल्लेलें पुस्तक प्रतिमारूपानें तरी उरलें, हाही लाभ थोडा नाहीं. आमची तक्रार साधनांविषयीं थोडी आहे. त्यांचा उपयोग ज्या रीतीनें केला जातो तिजविषयीं अधिक आहे. ती तक्रार आम्हांवरही लागू आहे, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

३

एका संग्राहकानें शके १८११ चें एक वांटणीपत्र आमच्याकडे तपासण्यास दिलें होतें. कागद, शाई, अक्षराचें वळण यांत संशयास जागा नव्हती. ज्या गृहस्थाची त्यावर पहिली निशाणी होती त्याचें नांव, बापाचें नांव, आडनांव व गांव घेऊन आम्हीं त्या गांवच्या मृत्युनोंदींच्या जालीय सूचींत शोध केला, तों त्याच नांवाचा पुरुष १८८४ मध्यें वारल्याची नोंद मिळाली. शके १८११ म्हणजे इ. स. १८८९-९०. मेलेला मनुष्य पांच वर्षांनीं निशाणी करीत नाहीं, या हिशेबानें आम्हीं वांटणीपत्र बनावट असल्याचा अभिप्राय लिहून दिला.

संग्राहकास तो पटला नाहीं. तो नाशिकास गेला आणि आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहींतून घराण्याचा लेख उतरून घेऊन आला. त्यांत आजा व नातू यांचें नांव एकच होतें, आणि आज्याचा बाप व नातवाचा बाप यांचेंही एकच. आज्याचें नांव नातवास ठेवण्याची आपल्याकडील चाल सर्वांस ठाऊक आहे. ती दोन्ही पिढ्यांत पाळली गेली म्हणजे एक पिढी सोडून तेंच नांव त्याच बापाच्या नांवासह पुन्हां येतें. मग आम्हीं मूळ पानाची प्रतिमा उघडली. वयाच्या रकान्यांत ७१ हा आंकडा स्वच्छ लिहिलेला होता. वांटणीपत्रावर निशाणी करणारा नातू त्या वेळीं तिशींतला असावा असें वहीवरून निघतें. सूची करणारानें नांव, गांव व साल घेतलें आणि वय सोडलें. पान एका कळीवर उघडत असतां तें उघडण्याचे श्रम आम्हीं घेतले नाहींत.

अभिप्राय आम्हीं परत घेतला. पण तोंवर त्या दप्तराचा एक वांटेकरी आमच्याच शब्दाच्या बळावर तो कागद, व त्याबरोबर त्याच रुमालांतील आणखी कागद, रद्दींत घालण्यास निघाला होता. ते वांचले तें संग्राहकाच्या हट्टामुळें; आमच्या विद्वत्तेमुळें नव्हे.

वयाचा रकाना सूचींत घेणें कांहीं अशक्य कोटींतलें नाहीं. इंग्लंडांत नागरी नोंदणी १ जुलै १८३७ रोजीं सुरू झाली. तेथील जुन्या तिमाही सूच्यांत मृताचें वय १८६६ पासून दिलेलें असे. परंतु नोंदणी कचेरीनें अलीकडे मूळ पुस्तकांवरून जी नवी सूची केली, तींत १८३७ पासूनच्या मृत्यूंचें वय घातलें आहे. त्या एका रकान्यानें तेथील वंशावळकारांचे किती घोटाळे टळले असतील याची कल्पना वरील प्रकारावरून करावी.

४

आतां कालगणनेकडे वळूं. येथें सूच्यांचा दोष सर्वांत घातक आहे, कारण तो दिसत नाहीं. शोधाच्या चौकटींत एकच साल मागितलें जातें. तें साल कोणत्या गणनेचें, हें कोणी विचारीत नाहीं व कोणी सांगत नाहीं.

इंग्रजांनीं सप्टेंबर १७५२ पर्यंत ज्यूलियन गणना चालवली, आणि १७५२ पूर्वीं त्यांचें कायदेशीर वर्ष २५ मार्च रोजीं बदलत असे. म्हणून मुंबईच्या पुस्तकांत फेब्रुवारी १७१९ असें लिहिलेलें दफन आजच्या रीतीनें फेब्रुवारी १७२० मधलें असूं शकतें. पोर्तुगीजांनीं ग्रेगोरियन गणना १५८२-८३ सालींच स्वीकारली होती. त्यामुळें सतराव्या शतकांत मुंबई व गोवा यांच्या तारखांत दहा दिवसांचें, आणि १७०० नंतर अकरा दिवसांचें अंतर पडतें. वसईचा एक कागद व मुंबईचा एक कागद समोर ठेवून कोण आधीं मेला हें ठरवणारानें हें अंतर ध्यानांत घेतलें नाहीं, तर तो मेलेल्याकडून जिवंताचें सुतक धरवील.

शिवछत्रपतींच्या निधनाचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. शके १६०२ चैत्र शुद्ध १५, शनिवार, म्हणजे ज्यूलियन ३ एप्रिल १६८०. हाच दिवस ग्रेगोरियन गणनेनें १३ एप्रिल होतो. मुंबईच्या इंग्रजांच्या २८ एप्रिलच्या पत्रांत निधनास तेवीस दिवस झाल्याचें लिहिलें आहे. त्या हिशेबानें तारीख ५ एप्रिल पडते. येथें आपल्याजवळ मराठी साधनांतील तिथि व वार आहे म्हणून पत्रांतील दोन दिवसांची चूक ऐकीव बातमीची म्हणून बाजूस सारतां येते. वार हा दोन्ही गणनांत एकच असतो. तोच येथें खरा साक्षीदार. दुर्दैवानें सूच्यांत वाराचा रकाना आमच्या पाहण्यांत कोठेंही आलेला नाहीं.

फसली सालाचा गोंधळ याहून वाईट आहे. फसली १३२० हें वर्ष मुंबई इलाख्यांत जून १९१० मध्यें मृगास सुरू झालें, तर हैदराबाद संस्थानांत ऑक्टोबर १९१० मध्यें आझर महिन्याच्या पहिल्या तारखेस. म्हणजे भीमेच्या एका तीरावर ऐन पावसाळ्यांत मेलेला मनुष्य फसली १३२० त वारला आणि दुसऱ्या तीरावर त्याच दिवशीं मेलेला १३१९ त. मराठवाड्याच्या उर्दू पुस्तकांतील सालांत सरसकट ५९० मिळवून जी इसवी सनें सूच्यांत घातलीं गेलीं, त्यांतील जानेवारी ते सप्टेंबर या महिन्यांच्या नोंदींत एक वर्षाची चूक राहते. तेथें ५९१ मिळवावे लागतात.

हरिद्वारच्या वह्यांत आणखी एक खाच आहे. तेथें विक्रमसंवत् असून महिने पूर्णिमान्त आहेत. आपल्या श्रावण वद्य अष्टमीस तेथें भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. दक्षिणेकडून गेलेल्या यात्रेकरूनें आपल्या बापाची तिथि सांगितली, तेव्हां पंड्यानें ती आपल्या महिन्यांत बदलून लिहिली कीं सांगितली तशीच, हें प्रत्येक लेखास निराळें पाहावें लागतें.

५

नांवांविषयीं. जुन्या नोंदींत पुरुषाचें नांव, 'बिन', बापाचें नांव, आणि असल्यास आडनांव असा क्रम असतो. आडनांव पुष्कळदां नसतेंच. त्याऐवजीं पाटील, चौगुला, सुतार असा हुद्दा किंवा धंदा असतो. आजच्या चौकटींत आडनांव घातल्याशिवाय शोध पुढें सरकत नाहीं, म्हणून ज्यांस आडनांव नव्हतें ते मिळत नाहींत. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, आणि संक्षेपांचा सुळसुळाट आहे. एका अक्षरापुढें दोन रेघा ओढल्या म्हणजे त्या कोणत्या शब्दाच्या, हें त्याच पुस्तकाचीं मागचीं पुढचीं पानें पाहून व त्याच लेखकाचा हात ओळखूनच ठरवावें लागतें. सुटें पान पाहून तें ठरत नाहीं. आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आलीं तीं बहुतेक सुटीं पानेंच आहेत. ज्या पानावर हवा तो शब्द सांपडला तें घेतलें, राहिलेलें पुस्तक पुन्हां रुमालांत गेलें. तेव्हां तेथें एकादें नांव न मिळाल्यास तें पुस्तकांतच नाहीं असें अनुमान कोणीं करूं नये.

स्त्रियांची गोष्ट निराळी सांगण्याजोगी आहे. त्यांची नोंद अमकी कोम अमका, किंवा अमकी भ्रतार अमका, अशी नवऱ्याच्या नांवानें असते. बाप व माहेर यांचा पत्ता नसतो. सूची करणारानें 'कोम' हा शब्द न कळून तो नांवांतच जोडला, किंवा नवऱ्याचें नांव बापाच्या रकान्यांत घातलें, तर ती स्त्री दोन्ही घराण्यांस कायमची नाहींशी होते. आणि ज्या मुलांचें बारसेंही झालें नव्हतें त्यांच्या पुढें तर नांवच नाहीं. मुलगी, वय तीन दिवस, एवढेंच. ख्रिस्ती दफनपुस्तकांतही अशा ओळी पुष्कळ. नांवावरून शोधणाऱ्या यंत्रास हीं मुलें कधींही सांपडावयाचीं नाहींत. पानें चाळणारास मात्र एकेका वर्षांत तीं एकामागून एक दिसत जातात, आणि त्या गांवीं त्या वर्षीं काय चाललें होतें हें कोणत्याही बखरीपेक्षां स्पष्ट कळतें.

६

नोंद असली म्हणजे ती खरी, आणि नसली म्हणजे मृत्यु झाला नाहीं, हे दोन्ही समज टाकून द्यावे. मुंबईंत सप्टेंबर १८९६ मध्यें ग्रंथिक ज्वराचें निदान झालें, आणि पुढें तपासणी व विलगीकरण यांच्या धास्तीनें लोकांनीं प्रेतें लपवलीं. त्या काळच्या पुस्तकांतला आंकडा खऱ्याहून कमी असणारच. १९१८ च्या इन्फ्लुएंझांत तर नोंद करणारेच आजारी पडले किंवा मेले. त्या साथींत हिंदुस्थानांत मेलेल्यांचा सरकारी अजमास सुमारें साठ लाखांचा होता. पुढील अभ्यासकांचे अजमास पावणेदोन कोटींपर्यंत गेले आहेत. मरणाच्या कारणाचा रकानाही असाच जपून वाचावा. पोलीस पाटलास वैद्यक येत नव्हतें. देवी व जरीमरी त्यास ओळखतां येत, बाकी सारें 'ताप' या एका शब्दाखालीं जाई.

घटनेचा दिवस व मृत्यूचा दिवस यांचीही गल्लत होते. २२ जून १८९७ रोजीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच मेला, रँड ३ जुलै रोजीं. दोघांसही २२ जूनच्या खालीं शोधणारास एकच सांपडेल आणि दुसऱ्याची नोंद गहाळ झाली असें वाटेल.

खोटी नोंद तर आपल्या काळांतही होते. उत्तर प्रदेशांतील आजमगड जिल्ह्याचे लालबिहारी हे १९७५ पासून १९९४ पर्यंत महसुली दप्तरांत मृत होते. जमिनीच्या लोभानें जिवंत मनुष्यास कागदावर मारण्यांत आलें होतें. जेथें मृत्यूबरोबर वतन किंवा शेत हात बदलतें, तेथें नोंद कोणीं दिली हें प्रथम पाहावें.

७

सूची टिकते किती, हाही प्रश्न आहे. ऑक्टोबर १९२३ मधला छापील ग्रंथ आज कपाटांत मिळतो. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्यें ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हां तिची जालीय सेवा कित्येक महिने बंद पडली, आणि ज्यांनीं नुसतें संकेतस्थळाचें नांव लिहून ठेवलें होतें त्यांच्या हातीं कांहींच उरलें नाहीं. बाडाचा क्रमांक व पान ज्यांनीं टिपून घेतलें होतें त्यांचें काम अडलें नाहीं.

अलीकडच्या मृतांविषयीं एक मर्यादाही सांगितली पाहिजे. १९६९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानें कोणासही नोंदीचा शोध करवून उतारा मागतां येतो. मात्र मृत्यूच्या उताऱ्यांत मरणाचें कारण उघड करतां येत नाहीं. ही मर्यादा शहाणपणाची आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या पानावरील कारण व जात हा इतिहास झाला. ज्याचीं मुलें अजून त्याच गल्लींत राहतात त्याच्या मरणाचें कारण हा इतिहास नव्हे. जुन्या पुस्तकांच्या प्रतिमा प्रसिद्ध करतांना हा भेद पाळला जावा.

येथून पुढें आमच्याकडे येणाऱ्या टिपणांत मृत्यूची तारीख सूचींतून घेतली असल्यास चार गोष्टी असाव्यात, अशी आमची विनंति आहे. मूळ पानाची प्रतिमा पाहिली किंवा नाहीं. बाड व पान यांचा क्रमांक. मूळांत लिहिलेली तारीख जशीच्या तशी, आणि तिचें रूपांतर वेगळें. व मृताचें वय. यांतील एकही नसेल तर ती तारीख आम्ही प्रमाण न मानतां केवळ सूचना म्हणून छापूं.

आणि संग्राहकांस एक सांगणें. यंत्रांत नसलेली एक सूची आपल्या घराघरांत आहे, ती श्राद्धतिथींची. पुष्कळ घराण्यांत पूर्वजाचें साल विसरलें गेलें, पण तिथि विसरली गेली नाहीं, कारण त्या दिवशीं पान वाढावें लागे. थेऊर येथें थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं बुधवारीं वारले. तिथि कार्तिक वद्य अष्टमी. तारीख, वार व तिथि हीं तीन्ही जुळलीं म्हणजे जशी येथें शंकेस जागा राहत नाहीं, तशीच सामान्य घराण्याच्या नोंदीचीही परीक्षा करतां येते. सूचींतून मिळालेल्या तारखेची तिथि जंत्रींत पाहावी. ती घरच्या श्राद्धतिथीशीं जुळली तर मनुष्य तोच. शके १८११ च्या त्या वांटणीपत्राच्या वेळीं आम्हीं एवढें विचारलें असतें, तर संग्राहकाच्या वृद्ध चुलतीनें आम्हांस तत्काळ उत्तर दिलें असतें. तिला आजा व नातू या दोघांच्याही तिथि पाठ होत्या, आणि त्या निरनिराळ्या होत्या. घरांतल्या जुन्या माणसांजवळच्या अशा तिथि आतांच उतरून घ्याव्या. त्यांच्या मागें त्या कोणत्याही सूचींत मिळावयाच्या नाहींत.